पुढच्या सीटवरची गोण

आमच्या घरमालकांच्या गाडीत पुढच्या सीटवर तांदळाची गोण बसायची. बसायची असंच म्हणते, कारण तिला पट्टा लावलेला असायचा. स्टेअरिंगवर काका आणि शेजारी ती गोण, तोंड सुतळीने शिवलेलं, पट्टा छातीवरून आडवा. असे दोघे चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून निघाले की रस्त्याकडेचे लोक काकांना हात करायचे आणि गाडी पुढे गेली की पोट धरून हसायचे. मीही हसले होते. गोणीचं कारण कळलं तेव्हा हसायची थांबले. ते सांगतेच, पण आधी माणूस सांगायला हवा, नाहीतर तुम्हीही नुसतं हसून मोकळे व्हाल.

मी तेव्हा इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून बदलून आले होते. मी घाटावरची, साताऱ्याकडची. धुतलेले कपडे वाळत नाहीत, मीठ डब्यात पाणी सोडतं आणि कुणी हाक मारली तरी ती माझ्यासाठी नसते, असं सगळं चाललेलं. खोली शोधत काकांच्या दाराशी आले, तर काका पायरीवर उभे राहून स्वतःच्याच घराची बेल दाबत होते. दाबायचे, कान द्यायचे, मान हलवायचे, परत दाबायचे. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आता तुम्ही दाबा."

मी दाबली. वाजली.

"बघा," काका म्हणाले, "दुसऱ्याने दाबली की वाजते. मी दाबली की कधी वाजते, कधी नाही. खोली हवीय ना? वर आहे. जिन्याची चौथी पायरी हलते, तिच्यावर माझं काम चालू आहे."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, बोट तिरकं दाबता तुम्ही. सरळ दाबा, वाजंल." काकांनी तो आवाज ऐकल्याचं काहीच दाखवलं नाही. पण मी सामान घेऊन आले तेव्हा बेलवर खडूने एक बाण काढलेला होता, बोट कसं दाबायचं ते दाखवणारा. काका असे होते. काकूंचं ऐकायचे, पण स्वतः शोधून काढल्यासारखं करून ऐकायचे.

टेलिफोन खात्यात त्यांचा जन्म गेला होता. काम एकच, लाइनवरचा फॉल्ट शोधायचा. रोह्यापासून दिघीपर्यंत कुठल्या खांबावर कुठला पक्षी घरटं करतो हेही त्यांना पाठ होतं. एकदा खांबावरून पडले आणि डावा गुडघा कायमचा ताठ झाला. क्लच दाबता येईना, म्हणून निवृत्तीनंतर पेणच्या एका दंतवैद्याची जुनी गाडी घेतली. गियर आपोआप पडणारी. आमच्या भागात तेव्हा अशी गाडी म्हणजे नवल होतं. लोक खिडकीतून पेडलांकडे डोकावून विचारायचे, "काका, हिला पाय दोनच?" काका म्हणायचे, "मलाही एकच आहे. जमतं आमचं."

गाडी गियर आपोआप टाकायची खरी, पण काका ते मोठ्याने म्हणायचे. "पहिला... दुसरा पडला... तिसरा... हां, चौथा." बाजारात, लग्नाला, मयताला, कुठेही निघालं तरी हेच. काकू मागे वळून मला सांगायच्या, "बघ गं, गाडी मेली मुकाट टाकते आन् हे तोंडानं टाकतात. मंग आटोमॅटिक कशाला घेतली? बैलगाडी बरी व्हती, बैल तरी उलटून बोलत न्हाय."

त्यांचं एक वेड होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. त्यांना पित्त झालं, तर एक आठवडा चहात आलं नाही, पुढच्या आठवड्यात साखर नाही, त्याच्या पुढच्या आठवड्यात दूध नाही. काकूंचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी पित्त होतं पापडाचं, हे काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण काका म्हणाले, "तू अंदाजाने सांगितलंस. मी शोधून सांगतोय." मी दवाखान्यात रोज बघते ना, नुसतं डोळ्यांनी ओळखणाऱ्या बाया आणि तपासणीशिवाय हं न म्हणणारे बाप्ये, तसलंच हे जोडपं.

आणि सकाळी उठल्या उठल्या काका अंथरुणातूनच विचारायचे, "लाइन क्लिअर?" काकू स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "क्लिअर." म्हणजे चहा झाला, दूध आलं, कुणी मेलं-बिलं नाही, उठायला हरकत नाही. मग काका उठायचे. बाहेरच्या खोलीत बुद्धाची छोटी पितळी मूर्ती होती, तिच्यापुढे काकू मेणबत्ती लावायच्या, दोघं मिळून वंदना म्हणायची, आणि मग दिवसभर एकमेकांशी भांडायचं. मला वर सगळं ऐकू यायचं. मी एकटीच होते, त्यामुळे त्यांचं भांडण ऐकत मी भाजी चिरायची. घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.

तर गाडीचं दुखणं. कधी कधी चालता चालता गाडी एकदम जड व्हायची. मागून कुणी पदर धरावा तशी. गियर तिसऱ्यावरच अडकून बसायचा, वर जाईना की खाली येईना, आणि समोर वेग दाखवणाऱ्या काट्यांच्या शेजारी एक पिवळा दिवा उघडझाप करायला लागायचा. काका गाडी बाजूला घ्यायचे, चावी काढायचे, थोडं थांबून परत लावायचे. की गाडी शहाण्यासारखी चालायला लागायची, जसं काही झालंच नव्हतं. दोन दोन महिने काही नाही, आणि मग तळ्याला जाताना एकाच फेरीत तीनदा. तळं हे काकूंच्या माहेरचं गाव. तिथे जाताना रोह्याच्या पुढे घाटाची वळणं आहेत, तिथे हमखास.

रेवदंड्याचे एक मेकॅनिक चाचा होते, म्हातारे, काकांचे दोस्त. गाडी त्यांच्याकडे नेली की ठणठणीत. चाचा चक्कर मारून यायचे आणि म्हणायचे, "साहब, गाडी फर्स्ट क्लास हाय. तुमचाच वहम हाय." काका चिडायचे. मला ते ओळखीचं होतं. रात्रभर पोट दुखतं म्हणून लोळणारा पेशंट डॉक्टरांच्या खुर्चीसमोर बसला की म्हणतो, आता नाही दुखत. म्हणून काही पोट खोटं नसतं. मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्या दिवसापासून मला 'सिस्टर'च्या ऐवजी 'बाय' म्हणायला लागले. "बाय, तुला कळतं बघ. येऊन-जाऊन फॉल्ट म्हणतात त्याला आमच्याकडे. सरळ तुटलेली वायर कुणीही शोधेल. पण येऊन-जाऊन फॉल्ट शोधायचा तर तो येईल तेव्हा आपण हजर पाहिजे."

मग त्यांनी एकेक गोष्ट बदलायला घेतली. गियरचं तेल बदललं. चाचा दांडी काढून तेल बोटावर घ्यायचे, वास घ्यायचे, म्हणायचे, "लालच हाय, जळका वास न्हाय." तरी बदललं. बॅटरीच्या तारा घासल्या. खाऱ्या हवेने गंजलं असेल म्हणून बॉनेटखालची सगळी जोडकामं उघडून पुसली. गियरच्या दांड्याखालचं बटण बदललं. काही फरक नाही. तळ्याच्या घाटात गाडी अडायचीच.

काकूंना त्या गाडीची भीती वाटायची. गाडीची नाही, काकांच्या चालवण्याची. ते गियर ऐकत बसायचे, रस्त्याकडे अर्धंच लक्ष. वळण आलं, समोरून ट्रक आला, बकरी आडवी आली, की काकू दाराच्या वरची कडी धरायच्या आणि पायाने खाली दाबायच्या. ब्रेक असल्यासारखं. सगळ्याच बायका दाबतात, शेजारी नवरा चालवत असला की. काका हसायचे. "अगं, त्या ब्रेकला वायर नाही जोडलेली." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की मागच्या सीटवर बसून मी त्यांच्या आधी मनात म्हणायची.

आता मुख्य गोष्ट. एके दिवशी काका एकटेच तळ्याला जाऊन आले. काकूंच्या भावाकडे काहीतरी पोचवायचं होतं आणि काकूंचे पाय सुजले होते. गाडी एकदाही अडली नाही. मग ते मुद्दाम आणखी एकदा एकटे गेले. नाही अडली. मग काकूंना घेऊन गेले. अडली. काकांच्या डोक्यात उजेड पडला. त्या संध्याकाळी मी खाली ताक मागायला गेले होते. काका जेवता जेवता अगदी आनंदाने म्हणाले, "सापडलं. बाकी सगळं तेच ठेवलं, रस्ता तोच, तेल तेच. बदललं काय, तर तू. तू बसलीस की येतो फॉल्ट. तू नसलीस की नाही."

त्यांना वाटलं, आपण अर्धं कोडं सोडवलं. आता तू का, एवढंच शोधायचं राहिलं. पण काकूंनी हातातला डाव परत पातेल्यात ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "मंग झालं की. मी न्हाय बसायची. लागंल का तुमची गाडी रांगेला?"

काका म्हणाले, "अगं, तसं नाही. वजनाचा काहीतरी संबंध असेल."

"तुमच्या गाडीला मी नको. एवढंच कळलं मला."

बाई गं, त्या दिवसापासून काकू गाडीत बसल्या नाहीत. रागावून नाही, भांडून नाही. काकूंचं सगळं भांडण वरवरचं असायचं, पण हे आत गेलं होतं. तळ्याला जायचं झालं की पिशवी घेऊन स्टँडवर जायच्या आणि एसटीत बसायच्या. आणि काका काय करायचे? एसटीच्या मागून गाडी घेऊन जायचे. खरंच सांगते. रेवदंड्यापासून तळ्यापर्यंत लाल गाडी पुढे आणि हे मागे. एसटी थांबली की हेही थांबायचे, उतरून लंगडत खिडकीपाशी जायचे आणि पाण्याची बाटली वर द्यायचे. काकू घ्यायच्या, घोट प्यायच्या, परत द्यायच्या. बोलायच्या नाहीत. कंडक्टर म्हणायचा, "काका, मागे कशाला फिरता, आत बसा ना, जागा हाय." काका म्हणायचे, "मी टेस्ट घेतोय."

मी एकदा काकूंबरोबर त्या एसटीतून गेले होते, त्यांच्या भाचीच्या साखरपुड्याला. काकू मुद्दाम सगळ्यात मागच्या बाकावर बसल्या. दर थोड्या वेळाने मान वळवून मागच्या काचेतून बघायच्या. "हायत ना गं मागं?" मी म्हणायची, "आहेत." घाटात वळणं सुरू झाली तशा त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि पाय खाली रोवला. मी म्हटलं, "काकू, इथे तर ड्रायव्हर पार तिकडे आहे." त्या म्हणाल्या, "मला म्हायती हाय. पर ते मागं येतायत ना, त्यांच्या गाडीला." मी हसले. त्या नाही हसल्या. म्हणाल्या, "माझ्यामुळं काही बिघडतं हे बरं न्हाय वाटत बाय. आयुष्यात मी कुणाचं काय बिघडवलं न्हाय." मी नुसती त्यांचा हात धरून बसले.

काका ते बोलणं मागे घेऊ शकले असते. 'चुकलो, बस गाडीत' एवढं म्हणायचं होतं. पण त्यांना चुकलो म्हणण्याआधी पुरावा लागायचा. फॉल्ट सापडला की तिला दाखवीन, मग ती बसेल, असं ते मला सांगायचे. "तिला नुसतं सांगून नाही पटायचं बाय. वायर हातात द्यायला हवी." त्यांचा खरंच तसा विश्वास होता. आणि त्यांना वाटलं, वेळ आहे.

वेळ नव्हता. पावसाळ्याच्या शेवटी काकूंना ताप आला, मग धाप लागायला लागली. मी वरून खाली आले, नाडी बघितली आणि म्हटलं, लगेच हलवायचं. काकांनी गाडी काढली, मागचं दार उघडलं, मग पुढचं उघडलं. काकू पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली. "नको. मधेच आडली तर?" काका म्हणाले, "नाही अडणार." काकू म्हणाल्या, "मी बसल्यावर आडते. दुसरं काय तरी बघा."

दवाखान्याची अँब्युलन्स आली. मी काकूंबरोबर आत होते, काका मागून गाडीने. काकूंनी मास्कमधून मला विचारलं, "हायत ना गं मागं?" मी काचेतून बघितलं. होते. मी म्हटलं, आहेत. तालुक्याच्या हॉस्पिटलात पोचलो, पण त्या तिथून घरी आल्या नाहीत.

काकूंच्या जलदान विधीला सगळं तळं लोटलं होतं. सगळे गेल्यावर काका मला म्हणाले, "शेवटपर्यंत ती माझ्या पुढच्याच गाडीत राहिली." नेहमी पुस्तकी बोलणारा माणूस, पण मग म्हणाले, "मी येडा हाय बाय." पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून 'हाय' ऐकलं. मला रडू फुटलं, त्यांना नाही.

मग तर गाडी अशी चालायला लागली की विचारू नका. एकदाही अडली नाही. लोक म्हणायचे, काका, गाडी सुधारली. काकांना तेच सहन होईना. गाडी जितकी नीट चालायची तितकं ते म्हणणं खरं ठरत होतं. काकू होत्या म्हणून बिघडत होती. हे त्यांना खोटं पाडायचं होतं. बाकी त्यांना आयुष्यात काही करायचं राहिलं नव्हतं. मुलगी होती पुण्याला, ती म्हणाली, चला माझ्याकडे. म्हणाले, "फॉल्ट उघडा टाकून येता येत नाही."

एकदा जिन्यात बसले होते, तेव्हा मी स्पष्टच विचारलं, "काका, आता सापडला तरी कुणाला दाखवणार?" ते म्हणाले, "तिच्यावर आळ आहे. मीच घातलेला. तो तसाच ठेवून कसं चालेल?"

तर ती गोण. काकूंच्या वजनाची गोण काकांनी वखारीतून तोलून आणली होती. वजनाने फॉल्ट येतो का, बघायचं होतं. पट्टा लावून तिला तळ्यापर्यंत न्यायचे, परत आणायचे. शेजारी गोण आणि हे मोठ्याने म्हणताहेत, "पहिला... दुसरा पडला... तिसरा..." गोणीने काही होईना. मग माणसं बसवली. चाचांना बसवलं, ते झोपी गेले. मासळीवाल्या मावशीला बसवलं, ती टोपली मांडीवर घेऊन अख्खा रस्ता बोलत राहिली आणि गाडी मजेत चालली. मला नाही बसवलं. ती जागा काकूंची, असं मला वाटायचं आणि बहुतेक त्यांनाही. मी आपली मागेच बसायची.

सकाळचं "लाइन क्लिअर?" चालूच होतं. सवयीने निघून जायचं तोंडातून. खाली काही उत्तर नाही, मग बराच वेळ काही हालचाल नाही. एक दिवस मला राहवेना, मी वरून मोठ्याने म्हटलं, "क्लिअर!" खाली एकदम शांत झालं. दुसऱ्या दिवसापासून ते हळू म्हणायला लागले, मला ऐकू जाऊ नये इतकं हळू. मी परत कधी उत्तर दिलं नाही. काही जागा दुसऱ्याने भरायच्या नसतात, हे नर्स असून मला तेव्हा कळलं.

काकूंना जाऊन वर्ष झालं तेव्हा तळ्याच्या विहारात पुण्यस्मरण ठेवलं होतं. जेवणाची मोठी पातेली, फुलं, दान द्यायची चादरी-भांडी, सगळं आम्ही इथून न्यायचं होतं. मागची सीट छपरापर्यंत भरली. काकांनी पुढच्या सीटवरून गोण उतरवली, सीट हाताने झटकली आणि म्हणाले, "बस बाय. आज जागा नाही दुसरी."

मी बसले. अवघडून बसले. रोहा गेलं, घाट सुरू झाला. काका म्हणत होते, "तिसरा... चौथा..." उताराला वळण आलं आणि समोरून ट्रक, अगदी आमच्या अंगावर. काकांचं लक्ष काट्यांकडे. मी वरची कडी धरली आणि पाय खाली घट्ट रोवला.

गाडी जड झाली. मागून कुणी धरून ओढल्यासारखी. ट्रक निघून गेला. समोर पिवळा दिवा उघडझाप करत होता.

काकांनी गाडी कडेला घेतली. थोडा वेळ दिव्याकडे बघत राहिले. वर्षभर ज्याची वाट बघितली तो आला होता, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, भीती होती. त्यांनी हळूच मान वळवली आणि माझ्या पायांकडे बघितलं.

"पाय कुठे आहे तुझा?"

"ब्रेकवर," मी म्हटलं. म्हटल्यावर कळलं मी काय बोलले ते.

"काढू नको." मग म्हणाले, "काढ." त्यांनी चावी फिरवून गाडी बंद केली, परत लावली. दिवा गेला. "दाब आता. होतीस तशीच. घाबरल्यासारखी."

मी दाबला. दिवा लागला.

परत चावी फिरवली. मी दाबला, लागला. काका दार उघडून उतरले आणि रस्त्याच्या कडेच्या दगडावर जाऊन बसले, तो ताठ पाय पुढे पसरून. मी जवळ गेले. म्हणाले, "गोणीला पाय नसतात बाय. एवढं साधं मला सुचलं न्हाय."

विहारात बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, लोक काकूंबद्दल चांगलं चांगलं बोलले. काकांना बोलायला सांगितलं तर ते उभे राहिले, काकूंच्या फोटोकडे बघितलं आणि बसले.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. गाडी चाचांच्या दारात उभी होती. चाचांनी पुढच्या बाजूची रबरी चटई काढली, खालचा गालिचा सोडवला. त्या गालिच्यावर एका जागी, बाईचं पाऊल पडेल तेवढीच, लव झिजून गुळगुळीत झाली होती. त्याच्या बरोबर खाली वायरींचा जुडगा होता, गियरच्या डब्याकडे जाणारा, एका लोखंडी पट्टीवर घासून वरचं प्लास्टिक फाटलेला. नुसता पाय ठेवला तर काही नाही. जोरात दाबला तर उघडी तार लोखंडाला टेकायची आणि गियर घाबरून तिसऱ्यावर बसायचा. चाचांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "भाभीने दाबून दाबून केलंय हे साहब."

मला वाटलं काका आता काहीतरी बोलतील. म्हणजे शेवटी आळ खराच ठरला होता ना. काकूंच्याच पायाने बिघडत होती गाडी. पण चाचांनी टेप काढली तेव्हा काकांनी त्यांचा हात धरला. "थांब. आधी गालिचा परत टाक. तू चालव. मी इकडे बसतो."

ते पहिल्यांदाच त्या बाजूला बसत होते. ताठ पाय आत घ्यायला त्यांना वेळ लागला. पट्टा लावला. चप्पल काढून चांगला पाय त्या गुळगुळीत जागेवर ठेवला. मी मागे बसले. चाचांनी गाडी खाडीवरच्या पुलाकडे घेतली. पुलाच्या उताराला काका म्हणाले, "पळव."

"साहब, समोर टेम्पो हाय."

"म्हणूनच सांगतो. पळव."

चाचांनी पळवली. मला मागून काकांचा हात दिसत होता. तो हळूहळू वर गेला आणि त्याने दाराची कडी धरली. टेम्पो जवळ आला. काकांनी पाय दाबला. गाडी मागून धरल्यासारखी जड झाली, वेग उतरला, टेम्पो आरामात निघून गेला. खाडीवर ऊन होतं. चाचांनी गाडी पुलाच्या टोकाला थांबवली. पिवळा दिवा चालू होता.

"लागतो," काका म्हणाले.

"काय लागतो, साहब?"

"तिचा ब्रेक. मी हसायचो तिला. लागत होता." ते माझ्याकडे वळले. डोळे भरून वाहत होते, पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं. "बाय, ती जेवढ्यांदा घाबरली तेवढ्यांदा गाडीने तिचं ऐकलं. गाडीने ऐकलं. आन् मी तिला उतरवली."

मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने चाचांनी विचारलं, अगदी हळू, "साहब, थोडंसंच काम हाय. वायर वर बांधतो, टेप मारतो, परत कधी आडणार न्हाय. करू?"

काकांनी खाली, आपल्या पायाखालच्या त्या जागेकडे बघितलं. मग पाय उचलून घेतला.

"कर," ते म्हणाले. "आता गाडीत घाबरायला कोण हाय."